काळ्या मातीवरचे घर : भेगा, खचलेला कोपरा आणि उचललेली फरशी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी सोलापूर शहर आणि आसपासच्या गावांतून आली आहेत. तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी मूळ एकच आहे : घराखालची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळून आक्रसते. म्हणून पहिल्या उत्तरात थोडे सविस्तर लिहिले आहे. बाकीची पत्रे पाठवणाऱ्यांनीही ते आधी वाचावे.

प्रश्न (जुळे सोलापूर) : बारा वर्षांपूर्वी बांधलेले एकमजली घर आहे. नऊ इंची विटांच्या भिंती, साडेतीन फूट खोल दगडी पाया, वर स्लॅब. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या आहेत. मार्चपासून त्या रुंदावतात, मेमध्ये पाच-सहा मिलिमीटर होतात आणि दिवाळीपर्यंत जवळजवळ मिटतात. तीनदा, मेमध्येच, सिमेंटने भरून, पुट्टी मारून रंग दिला. भेगा पुन्हा आल्या, शिवाय गेल्या वर्षी शेजारी नवीन भेग पडली. काय चुकते आहे?

उत्तर : भेग भरण्याची वेळही चुकते आहे आणि मालही चुकतो आहे. त्याआधीची चूक म्हणजे भेगेचे कारण जागेवर ठेवून फक्त भेग भरली.

आपल्याकडची काळी माती बेसॉल्ट खडक कुजून तयार झाली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याचे पापुद्रे इतके बारीक असतात की पाणी त्यांच्या मधे शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की ती आक्रसते. मेमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच तुमच्या पायाखाली घडते. घराच्या मधल्या भागाखालच्या मातीला ऊन लागत नाही, तिचा ओलावा फारसा बदलत नाही. बाहेरच्या भिंतींखालची माती मात्र उन्हाळ्यात वाळते आणि सप्टेंबरच्या पावसात, म्हणजे सोलापूरच्या सर्वांत ओल्या महिन्यात, पुन्हा फुगते. बाहेरची भिंत खाली जाते, वर येते, आणि मधला भाग जागेवर राहतो. या ओढाताणीत भिंत जिथे कमकुवत तिथे फाटते, आणि ती जागा म्हणजे खिडकीचा कोपरा.

तुमचा साडेतीन फुटांचा पाया या हलणाऱ्या थरातच बसला आहे. काळी माती खोल असेल तिथे ऋतूंनुसार होणारा फरक तीन-साडेतीन मीटरपर्यंत पोचू शकतो. त्यात एकमजली घर हलके. नऊ इंची भिंत आणि स्लॅब मिळून पायाखालच्या मातीवर चौरस मीटरला साधारण चार-पाच टन भार येतो, तर चांगल्या फुगणाऱ्या मातीचा वर ढकलण्याचा दाब दहा टनांच्याही पुढे जातो. त्यामुळे माती घराला सहज उचलते.

आता भरण्याचे. मेमध्ये भेग पूर्ण उघडी असताना तुम्ही तिच्यात सिमेंट ठासता. सप्टेंबरमध्ये भिंत परत जागेवर यायला बघते, पण मधे टणक पाचर बसलेली असते. मग भिंत शेजारी फाटते. तुमची नवी भेग बहुधा अशीच आली आहे.

पुढची कामे याच क्रमाने करा.

आधी मोजा. प्रत्येक भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्टीलचा स्क्रू प्लगमध्ये घट्ट बसवा, दोघांत साधारण 100 मिलिमीटर अंतर ठेवा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, व्हर्नियर कॅलिपरने स्क्रूंमधले अंतर मोजून वहीत लिहा. भेगेच्या टोकाला पेन्सिलीने रेघ मारून तारीख घाला, म्हणजे ती लांबते आहे का ते कळेल. पारदर्शक नळीत पाणी भरून जोत्याच्या सगळ्या कोपऱ्यांची पातळीही दर तीन महिन्यांनी तपासा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप खोटे येते, तेवढे जपा. हे वर्षभर चालले पाहिजे, मे आणि ऑक्टोबर दोन्ही त्यात यायला हवेत. भेग वर्षअखेर पहिल्याच मापावर आली तर घर फक्त ऋतूंबरोबर हलते आहे. दरवर्षी थोडी शिल्लक राहत असेल, तर पाया एका बाजूला खचतो आहे. त्याचा इलाज पुढच्या उत्तरात आहे.

मोजणी चालू असतानाच पाण्याचा बंदोबस्त करा. आमच्या मते अशा घरांच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त गुण याच कामाला येतो आणि सर्वांत कमी लक्षही याच्याकडे जाते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी होते. ते सगळे दोन पाइपांतून जोत्याच्या कोपऱ्याशी सोडले तर तो कोपरा वेगळा आणि बाकी घर वेगळे हलणार. पाइप जोडून पाणी गटारापर्यंत न्या. पावसाचे पाणी मुरवायचा खड्डा असेल तर तो पायापासून निदान वीस फूट लांब हवा आणि मुरमापर्यंत खोल हवा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, साचते. मोरी आणि संडासाच्या चेंबरमध्ये बादलीभर रंगीत पाणी ओतून ते पुढच्या चेंबरला पूर्ण पोचते का ते पाहा.

मग घराभोवती पाच फूट रुंदीचा पट्टा करा. दीड फूट काळी माती काढून तिथे मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसाने दाबा. त्यावर 250 मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद अंथरा, जोडावर एक फूट एकमेकांवर येऊ द्या. वर 1:3:6 चे (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, सहा भाग खडी) चार इंच काँक्रीट. भिंतीपासून बाहेर दोन इंच उतार हवा. दर आठ फुटांवर सांधा ठेवा. काँक्रीट जोत्याला चिकटवू नका. मधे अर्ध्या इंचाची फट ठेवून ती डांबरी मस्तकीने भरा. चिकटवले तर पट्टा हलताना जोत्याला ओढतो आणि पाणी नेमके त्याच फटीतून आत जाते. हा पट्टा पावसात पाणी अडवतो, तसाच उन्हाळ्यात ओलावाही धरून ठेवतो.

बंदोबस्तानंतरच्या मे महिन्यात भेग दीड-दोन मिलिमीटरवर आली तर पाया उकरायची गरज नाही. भेग ना पूर्ण उघडी ना पूर्ण मिटलेली अशा वेळी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, ती भरा. दोन्ही बाजूंचा गिलावा आठ-आठ इंच काढा. दर चार थरांआड विटांचा आडवा सांधा सव्वा इंच खोल कोरून धूळ काढा. त्यात 6 मिलिमीटरची, तीन फूट लांब स्टेनलेस सळई न आक्रसणाऱ्या ग्राउटमध्ये (सिमेंटच्या भरण-कालवणात) बसवा, भेगेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट येईल अशी. साधी सळई गंजून फुगते आणि सांधा पुन्हा फोडते. उभी-तिरपी भेग मात्र रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या पॉलीयुरेथेन सीलंटने भरा, सिमेंटने नाही.

प्रश्न (होटगी रोड) : नळाला काही दिवसांआड पाणी येते म्हणून तीन वर्षांपूर्वी अंगणात जमिनीखाली टाकी बांधली. सात फूट खोल आहे आणि भिंतीपासून चार फुटांवर आहे. तेव्हापासून घराचा तो कोपरा खचतो आहे. तिरपी भेग वर बारा मिलिमीटर, खाली केसाएवढी. दाराची चौकट तिरकी झाली. पाया साडेतीन फूट खोल आहे, मुरूम आठ फुटांवर लागतो. ठेकेदार म्हणतो, कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींखाली पंधरा-पंधरा फूट एकदम चर खणून बीम घालू. घालावा का?

उत्तर : मुळीच नाही. पंधरा-पंधरा फूट भिंत एकाच वेळी खालून मोकळी केली तर ती कोसळू शकते, आणि त्या वेळी चरात माणसे असतात. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आराखड्याशिवाय आणि देखरेखीशिवाय सुरू करू नका.

वर रुंद आणि खाली बारीक भेग म्हणजे कोपरा खाली गेला. (खाली रुंद आणि वर बारीक असती तर भिंतीचा मधला भाग बसला असे म्हटले असते.) कारण तुमच्या पत्रातच आहे. पायाच्या तळापासून बाहेर 45 अंशात उतरणारी कल्पित रेघ धरा, तिच्या आतली माती त्या पायाला आधार देते. चार फुटांवर सात फूट खणल्यावर ही रेघ जवळपास कापली गेली. शिवाय टाकीभोवती भर सैल पडली असेल, आणि टाकी भरून वाहिली की ते पाणी त्या सैल भरावात उतरते.

आधी टाकी तपासा. काठोकाठ भरा, आत येणारे आणि बाहेर जाणारे कॉक बंद करा, पातळीवर खूण करून झाकण लावा. 24 तासांनी पाहा. टाकी सहा फूट बाय पाच फूट असेल तर पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे साधारण 28 लिटर पाणी पायाकडे गेले. गळती असेल तर आतून वॉटरप्रूफिंग करून घ्या. ओव्हरफ्लोचा पाइप गटाराला जोडा आणि फ्लोट व्हॉल्व्ह बसवा. पायाचे काम पावसाळा संपून माती निथळल्यावरच हाती घ्यावे, म्हणजे डिसेंबर ते एप्रिल.

कामाची पद्धत अशी. दोन्ही खोल्यांत भिंतीलगत स्लॅबखाली टेकू द्या, खाली फळी घालून पाचरींनी घट्ट करा. भिंतीचे तीन-तीन फुटांचे टप्पे पाडून जोत्यावर खडूने आकडे घाला. पंधरा फुटांत पाच टप्पे येतात, दोन्ही भिंती मिळून दहा. क्रम 1, 3, 5 आणि मग 2, 4. एका भिंतीत एका वेळी एकच टप्पा उघडा असू द्या. कोपऱ्याचा टप्पा उघडा असेल तेव्हा दुसरा एकही नको.

खड्डा साडेआठ फूट खोल जाईल, म्हणजे मुरमात सहा इंच शिरेल. पाच फुटांच्या खाली गेलात की दोन्ही बाजूंना फळ्या आणि आडवे दांडे लावलेच पाहिजेत. वाळलेल्या काळ्या मातीची उभी भिंत टणक दिसते, पण तिच्यातल्या जुन्या भेगांतून मोठा ढेकूळ एकदम सुटतो. काढलेली माती काठापासून चार फूट लांब टाका. खड्ड्यात शिडी कायम ठेवा, आणि वर माणूस उभा असल्याशिवाय कोणाला खाली उतरवू नका. मजूर तुमच्या घरासाठी खाली उतरतो, त्याच्या जिवाची काळजी ही तुमचीही जबाबदारी आहे.

जुन्या पायाचा तळ खरवडून माती आणि सुटे दगड काढा. शेजारच्या टप्प्याशी जोड राहावा म्हणून 12 मिलिमीटरच्या सळ्या एक-एक फुटावर, एक फूट बाहेर राहतील अशा घाला. काँक्रीट 1:1.5:3. एका टप्प्याचे माप तीन फूट लांब, अडीच फूट रुंद, पावणेपाच फूट उंच धरले तर 35-36 घनफूट काँक्रीट लागते. त्याला सिमेंट आठ पोती, वाळू 15 घनफूट, खडी 30 घनफूट. पाणी पोत्याला 25 लिटरपेक्षा जास्त नको, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. दहा टप्प्यांना 80 पोती सिमेंट, दीड ब्रास वाळू आणि तीन ब्रास खडी (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट).

काँक्रीट जुन्या पायाला थेट भिडवायचे नाही, तीन इंच फट ठेवायची. पुष्कळ ठिकाणी काम इथेच बिघडते. काँक्रीट सुकताना थोडे आक्रसते. ते वरपर्यंत भरले तर पायाखाली बारीक पोकळी राहते आणि भिंत ती पोकळी भरून काढण्यासाठी पुन्हा खाली बसते. म्हणून दोन दिवसांनी त्या फटीत सिमेंट आणि जाड वाळू 1:3 चे जवळजवळ कोरडे कालवण ठासायचे. मुठीत दाबले तर गोळा झाला पाहिजे, पण तळहात ओला होता कामा नये. लाकडी ठोकळा आणि हातोडी घेऊन आतून बाहेर, थोडे थोडे ठोकत भरा. ते भरून आणखी दोन दिवस गेल्याशिवाय शेजारचा टप्पा उघडू नका. खड्डा परत भरताना निघालेली काळी माती वापरू नका, मुरूम थराथराने दाबून भरा.

कोपरा जॅक लावून पूर्वीच्या पातळीला आणण्याचा आग्रह धरू नका. विटांच्या भिंतीत उचलताना नव्या भेगा पडण्याचा धोका मोठा असतो. खचणे थांबवायचे, तीन महिने मोजायचे, मग पहिल्या उत्तरातल्याप्रमाणे सळया बसवून भेग शिवायची आणि चौकट सरळ करून घ्यायची.

प्रश्न (बाळे) : हॉलची फरशी मधोमध दीड इंच उचलली आहे. दार घासते, फरशी वाजते. भिंतींना मात्र भेगा नाहीत. फक्त फरशी बदलली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, नवी फरशीही उचलेल. भिंती ठीक आहेत म्हणजे पाया बहुधा मुरमावर आहे, पण जोत्यातली भर काळ्या मातीची आहे. पायाची खणलेली मातीच आत लोटून वर कोबा करण्याची चाल अजून सर्रास दिसते. वरून कोबा आणि फरशी बसली की मातीतला ओलावा वर उडून जाऊ शकत नाही, तो हळूहळू साचतो आणि मधला भाग वर येतो.

फरशी आणि कोबा काढून किमान दोन फूट काळी माती उपसा, शक्य असेल तर तीन. त्याजागी बारीक-जाड मिश्र मुरूम सहा इंचांच्या थरांत भरा. पाणी बेताचे मारा, चिखल होऊ देऊ नका. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला दोन फूट भर म्हणजे दाबलेला 2.4 ब्रास. सैल मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून तीन ब्रास मागवा. मुरूम हातात चोळून बघा. ओला केल्यावर साबणासारखा चिकट लागला तर त्यात काळी माती आहे, परत पाठवा.

मुरमाच्या जागी वाळू भरण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. वाळू स्वतः फुगत नाही, पण पाणी साठवते आणि खाली उरलेल्या काळ्या मातीला वर्षभर पाजत राहते.

मुरूम जवळपास मिळत नसेल तर काढलेलीच माती चुन्याने सुधारता येते. कोरड्या मातीच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के विरवलेला चुना, म्हणजे घनमीटरला 75 किलोच्या आसपास. ढेकळे पूर्ण फोडून चुना मिसळावा लागतो, पाणी मारून एक दिवस मुरवून मग दाबावा लागतो. ढेकूळ राहिले तर आतली माती जशीच्या तशी फुगते. चुना डोळ्यांना आणि कातडीला भाजतो, त्यामुळे चश्मा आणि हातमोजे हवेत.

वर प्लॅस्टिक कागद, चार इंच काँक्रीट आणि मग फरशी. काँक्रीट आणि भिंत यांच्यात अर्धा इंच फट ठेवून ती स्कर्टिंगखाली झाकावी.

प्रश्न (मंद्रूप) : शेतात घर बांधायचे आहे. बारा फूट खणले तरी काळीच माती. पाया किती खोल घ्यावा?

उत्तर : इथे चर खणून दगडी पाया घेणे महागही पडेल आणि टिकणारही नाही. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेली, खाली फुगा असलेली पाइल, म्हणजे जमिनीतल्या भोकात ओतलेला काँक्रीटचा खांब, वापरतात. इंजिनिअर तिला अंडररीम्ड पाइल म्हणतात. नेहमीच्या घराला 300 मिलिमीटर व्यासाचे भोक, खाली 750 मिलिमीटरचा फुगा आणि लांबी निदान साडेतीन मीटर. फुगा हलत्या थराखाली अडकून बसतो, त्यामुळे वरची माती कितीही ओढली तरी पाइल उचलली जात नाही. दोन पाइलमधले अंतर फुग्याच्या व्यासाच्या दुपटीहून, म्हणजे दीड मीटरहून, कमी नको. सळ्या पूर्ण लांबीच्या घ्या, कारण माती फुगताना पाइल ताणली जाते.

पाइलींवरून जाणाऱ्या बीमखाली 80 मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची असते. गवंडी ती जागा माती भरून सपाट करतात आणि बीम थेट मातीवर ओततात. तसे केले तर माती बीमलाच वर ढकलते आणि पाइलचा सगळा खर्च वाया जातो. ओतण्याच्या दिवशी स्वतः उभे राहून ही जागा मोकळी आहे का ते पाहा.

त्याआधी माती तपासून घ्या. प्रयोगशाळेत 10 ग्रॅम वाळवलेली बारीक माती एका नळीत पाण्यात आणि दुसरीत रॉकेलमध्ये 24 तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दोन्हींतला फरक टक्क्यांत मांडला की फुगण्याचा निर्देशांक मिळतो. तो 50 च्या वर गेला तर साधा पाया विसरा.

प्रश्न (विजापूर रोड) : भिंतीपासून दहा फुटांवर पंचवीस फूट उंच कडुनिंब आहे. त्याच्या बाजूलाच भेग आहे. झाड तोडावे का?

उत्तर : घाईने तोडू नका. उन्हाळ्यात झाड तिथली माती जास्त वाळवते, हे खरे. पण एकदम तोडले तर वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली माती पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि खचलेली बाजू उलट वर उचलते. घरापेक्षा झाड जुने असेल तर हा धोका जास्त. दरवर्षी उन्हाळ्याआधी एक चतुर्थांश फांद्या उतरवा, पाने कमी झाली की पाणी कमी ओढले जाते. झाड आणि भिंत यांच्या मधे, भिंतीपासून पाच फुटांवर, पाच-सहा फूट खोल अरुंद चर घेऊन त्यात जाड प्लॅस्टिकची (एचडीपीई) शीट उभी लावा आणि मुरमाने भरा. हे काम पाऊस संपल्यावर करा, आणि खोडाजवळची मनगटाएवढी जाड मुळे कापू नका, वाऱ्यात झाड घरावर पडेल. झाडाला आळे घरापासून लांबच्या बाजूला करा आणि एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा तिथे पाणी द्या, म्हणजे मुळे पायाकडे पाणी शोधत येणार नाहीत. भेगेवर आजच स्क्रू बसवा आणि पहिले माप लिहून ठेवा.